पाचारण आणि प्रपंच

कॅथॉलिक ख्रिस्ती वाङ्मयातील एका शब्दाकडे मराठी वाचकांचे जावे तितके लक्ष अद्यापि गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. तो शब्द म्हणजे 'पाचारण'. एरवी आपण वैद्यास पाचारण करतो, वक्त्यास करतो, क्वचित् पोलिसांसही करतो. मराठी बायबलात मात्र ईश्वर मनुष्यास पाचारण करतो, आणि मनुष्याने त्यास ओ द्यावयाची असते. ह्या एका शब्दाभोवती कॅथॉलिक धर्मविचाराने जे शास्त्र उभारले आहे, त्याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. आम्ही त्या धर्माचे अनुयायी नाही. तथापि ज्या प्रश्नाचे उत्तर हे शास्त्र देऊ पाहते, तो प्रश्न आपल्या घरांतही रोज उपस्थित होत असतो: माणसाने कोणते आयुष्य जगावे हे कोणी ठरवावयाचे, आणि संसारात राहून त्याला कोठवर पोचता येते?

प्रथम ह्या विचाराचा इतिहास थोडक्यात पाहू. येशूने मासेमारांना जाळी टाकून मागे येण्यास सांगितले. श्रीमंत तरुणास, सर्वस्व विकून गरिबांना दे, असे सांगितले. शुभवर्तमानातील ह्या प्रसंगांचा अर्थ पुढे असा रूढ झाला की, पूर्णत्वाची वाट ही सर्वस्वत्यागाची वाट होय. इजिप्तच्या वाळवंटात तपस्वी जाऊन राहिले, त्यांतून मठ निघाले, आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते घेणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग तयार झाला. पाचारण झाले, असे म्हणावयाचे ते ह्या वर्गातील माणसांविषयी, म्हणजे धर्मगुरूंविषयी, मठवासी साधूंविषयी आणि धर्मभगिनींविषयी. बाकीच्या कोट्यवधी संसारी माणसांनी दहा आज्ञा पाळाव्या, पापे कबूल करावी व कसेबसे तरून जावे. ख्रिस्ती समाजाचे असे जणू दोन दर्जे पडले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ह्या विभागणीवरच घाव घातला. चांभाराचे किंवा मोलकरणीचे काम हेही मठवासाइतकेच ईश्वराने दिलेले कार्य होय, असे त्याचे म्हणणे होते. कॅथॉलिक पक्षाकडून ह्यास सौम्य व बुद्धिमान उत्तर दिले ते जिनीव्हाचा बिशप फ्रान्सिस द सेल्स ह्याने. त्याने १६०९ साली प्रसिद्ध केलेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात असे प्रतिपादिले की, भक्ती सैनिकाच्या छावणीत, कारागिराच्या दुकानात आणि विवाहितांच्या घरातही शक्य आहे. मात्र तिचे रूप ज्याच्या त्याच्या स्थितीस साजेसे असले पाहिजे. बिशपाने एकांतवासी तपस्व्याप्रमाणे राहावे किंवा कारागिराने मठवाशाप्रमाणे दिवसभर देवळात बसावे, हे त्यास हास्यास्पद वाटत असे.

हा विचार ख्रिस्तसभेच्या अधिकृत सिद्धान्तात येण्यास पुढे साडेतीनशे वर्षे लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी 'लुमेन जेन्सियुम', अर्थात् 'राष्ट्रांचा प्रकाश', हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या आठ प्रकरणांपैकी पाचवे प्रकरण पावित्र्याच्या सार्वत्रिक पाचारणावर आहे. त्याचे सार असे की, पावित्र्य एकच आहे आणि त्याचे निमंत्रण प्रत्येक ख्रिस्ती माणसास आहे, मग तो कोणत्याही स्थितीत असो. ह्यानंतर बिशपांपासून आरंभ करून धर्मगुरू, पतिपत्नी, विधवा, अविवाहित, श्रमिक, दरिद्री आणि रुग्ण अशी एकेक स्थिती घेऊन, तिच्यातील पावित्र्याचा मार्ग कोणता हे सांगितले आहे. व्रतस्थांचे प्रकरण सहावे आहे, हा क्रमही आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. आधी सर्वांचे पाचारण, मग काहींचे. २०१८ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी ह्याच विषयावर स्वतंत्र उपदेशपत्र काढले आणि मुलांना वाढविणाऱ्या आईबापांत, घरासाठी राबणाऱ्या स्त्रीपुरुषांत, रुग्णांत व वृद्धांत शेजारधर्मी संतपण पाहावयास शिकविले.

सिद्धान्त उदात्त आहे ह्यात वाद नाही. पण सिद्धान्ताची परीक्षा व्यवहाराने करावी लागते, आणि येथे तो व्यवहार म्हणजे ख्रिस्तसभेची संतमालिका. तिच्यात व्रतस्थांची गर्दी आजही डोळ्यांत भरते. वसईत जन्मलेले, पोर्तुगीज पिता व हिंदी माता ह्यांचे पुत्र गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले कॅथॉलिक संत. ते काही काळ व्यापारी होते. येशूसंघात प्रवेश मिळविण्याची त्यांची इच्छा फळास आली नाही, तेव्हा मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले. धर्मगुरुपद त्यांना नव्हते. जपानात ते मुख्यतः दुभाष्याचे काम करीत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ साली त्यांचे संतपद जाहीर झाले. व्रत न घेतलेला, संसारी असा पहिला भारतीय संत मात्र त्यानंतर १६० वर्षांनी, १५ मे २०२२ रोजी घोषित झाला: त्रावणकोरचे देवसहायम्. ज्या पतिपत्नींस जोडीने संतपद मिळाले असे पहिले दांपत्य म्हणजे फ्रान्सचे लुई व झेली मार्टिन, आणि ते झाले २०१५ साली. त्यातही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोघांनीही आधी मठात जाण्याची इच्छा धरली होती आणि त्यांच्या हयात राहिलेल्या पाचही मुली धर्मभगिनी झाल्या. संसाराच्या पावित्र्यावर मठाचे शिक्कामोर्तब झाल्यावाचून जणू ते ग्राह्य होत नाही! लेखणीने दोन दर्जे पुसले, तरी हाताला अजून जुनेच वळण आहे, असे म्हणावे लागते.

आता मराठी वाचक म्हणेल की, ह्यात आम्हांस नवे ते काय? आमचे संत तर प्रपंचातलेच. गोरोबाने मडकी घडविली, सावतोबाने मळा राखला, सेना न्हाव्याने हजामत केली, आणि कोणीही आपला धंदा टाकला नाही. आमच्या मलकापुरास तर ही परंपरा दोन्ही अंगांनी वेढून आहे. पश्चिमेस, जळगाव जिल्ह्याच्या सरहद्दीपलीकडे, मुक्ताईनगर आहे. मुक्ताबाईंची समाधी तेथली, आणि पंढरपुराकडे निघणारी त्यांची पालखी बुलढाणा जिल्ह्यातून जाते. जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, देऊळगाव राजा तालुक्यात, मेहुणा राजा हे परंपरेने चोखोबांचे जन्मग्राम मानले जाते. नळगंगेच्या काठी बसून जो कॅथॉलिकांचे १९६४ चे प्रकरण वाचील, त्यास ते चौदाव्या शतकातच येथे आचरिले गेले होते, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

परंतु हे साम्य वरवरचे आहे, असे आमचे मत आहे. दोन विचारांत जो खरा फरक आहे तो 'पाचारण' आणि 'स्वधर्म' ह्या दोन शब्दांत साठलेला आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात जी गीताप्रवचने दिली व साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांत स्वधर्माचे विवरण आहे. त्याचा आशय असा की, स्वधर्म शोधावा लागत नाही. तो आपल्याबरोबर येतो, जशी आई निवडावी लागत नाही. ह्या कल्पनेत मोठी शांती आहे. मिळालेले काम मन लावून करणाऱ्या माणसाला तिने धीर दिला आहे. उलटपक्षी पाचारण हे ऐकावे लागते. कोणी तरी हाक मारतो, ती आपल्यासाठीच आहे ना, ह्याची पारख करावी लागते, आणि मग होय किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लॉयोला ह्याने तर ह्या पारखीचे एक शास्त्रच रचले: मनात उठणाऱ्या प्रेरणांपैकी कोणती खरी शांती देते, कोणती केवळ उत्तेजित करते, हे कसे ओळखावे ह्याचे नियम त्याने घालून दिले. स्वधर्मात माणूस आपल्या स्थितीत सापडतो. पाचारणात तो ती पत्करतो.

हा फरक शाब्दिक नाही, आणि त्याचे मोल कळण्यास चोखोबांकडेच गेले पाहिजे. चोखोबा प्रपंची होते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, पुत्र कर्ममेळा, सारे कुटुंबच अभंग रचणारे. त्यांचे पावित्र्य कोणी नाकारीत नाही. पण ज्या स्थितीत ते पवित्र झाले, ती स्थिती त्यांनी पत्करली होती काय? मेलेली ढोरे ओढणे, गावकुसाबाहेर राहणे, देवळाच्या दारातून परतणे, हे त्यांच्यावर लादलेले होते. मंगळवेढ्यास वेठीच्या कामावर असताना भिंत कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर बांधली गेली, म्हणजे मरणानंतरही ते दाराबाहेरच राहिले. ते दार त्यांच्या समाजासाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. चोखोबांच्या नावावरील अभंग वाचणाऱ्यास त्यांत दोन स्वर ऐकू येतात. एका स्वरात ते आपली हीन स्थिती पूर्वकर्माचे फळ म्हणून सोसतात. दुसऱ्या स्वरात, जर सर्वांचे शरीर त्याच विटाळातून आले तर सोवळा कोण, असा रोकडा प्रश्न विचारतात. पहिला स्वर कीर्तनांत पुष्कळ ऐकविला गेला. दुसऱ्यास श्रोते मिळण्यास शतके लागली.

जेथे आहेस तेथेच पवित्र हो, हा उपदेश म्हणूनच दुधारी आहे. राजाने राजवाड्यात पवित्र व्हावे आणि महाराने महारवाड्यात, असा त्याचा अर्थ केला की तो जुलमाचे सर्वांत सोज्ज्वळ समर्थन होऊन बसतो. ख्रिस्ती शास्त्रही ह्या धोक्यापासून मुक्त नाही. पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, ज्याला ज्या अवस्थेत पाचारण झाले त्याने त्या अवस्थेत राहावे, असे म्हटले आहे आणि लागलीच उदाहरण घेतले आहे ते गुलामाचे. पुढील वचनात, स्वतंत्र होता येत असल्यास त्या संधीचा उपयोग करावा, असे तो म्हणतो, की गुलामगिरीचाच अधिक उपयोग करून घ्यावा, असे म्हणतो, ह्याविषयी मूळ ग्रीक वाक्य इतके संदिग्ध आहे की भाष्यकारांत शतकानुशतके दोन तट आहेत. ज्यांना गुलाम ठेवावयाचे होते त्यांना कोणता अर्थ पसंत पडला असेल, हे सांगणे नको. १९६४ च्या प्रकरणातही ह्या बाबतीत एक उणीव आम्हांस जाणवते. पतिपत्नी आणि श्रमिक ह्यांच्याच पंक्तीला तेथे दरिद्री व छळ सोसणारे बसविले आहेत, आणि त्यांनी आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून घ्यावे, असे सांगितले आहे. दुःखितास हा दिलासा आहे खरा. पण विवाह ही स्थिती आणि दारिद्र्य ही स्थिती ह्या एका मापाने मोजावयाच्या नाहीत. पहिलीत माणूस स्वेच्छेने शिरतो, दुसरीत तो ढकलला जातो. परिषदेने पुढील वर्षी आधुनिक जगाविषयी जो दस्तऐवज काढला त्यात गुलामगिरी, मनुष्यविक्रय व श्रमिकांची मानहानी ह्यांचा स्पष्ट निषेध आहे. दोन्ही एकत्र वाचले असता तोल साधतो. केवळ पहिले वाचणारा मात्र फसण्याचा संभव आहे.

तरीही कॅथॉलिक शास्त्रातच ह्या दोषाचे औषध आहे, आणि ते उपदेशग्रंथांत नसून कायद्याच्या रुक्ष कलमांत आहे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे कोणासही बळाने धर्मगुरू करणे सर्वथा निषिद्ध आहे. जबरदस्तीने किंवा गंभीर भीतीने व्रतस्थ संघाच्या उमेदवारीत घेतलेल्या माणसाचा प्रवेश मुळातच रद्द ठरतो. बळाने वा भीतीने लावलेला विवाह हा विवाहच नव्हे. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने मुलीस तिच्या इच्छेविरुद्ध मठात कोंडणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा सांगितली होती, आणि युरोपात हुंडा वाचविण्यासाठी मुली मठांत लोटणारे पुष्कळ असल्यामुळेच ती सांगावी लागली. ह्या सर्व कलमांचा मथितार्थ एकच की, संमतीवाचून पाचारण नाही. शुभवर्तमानात देवदूत मरियेकडे येतो तोही निरोप देऊन निघून जात नाही. ती प्रश्न विचारते, उत्तर ऐकते, आणि मग होकार देते. ईश्वरदेखील जेथे उत्तराची वाट पाहतो, तेथे गावाला, जातीला किंवा बापाला ते परस्पर देऊन टाकण्याचा अधिकार कोठून येणार? हे सूत्र हाती धरले म्हणजे चोखोबांच्या बाबतीतला गोंधळ सुटतो. चोखोबांना पाचारण झाले ते विठ्ठलाचे, वेठीचे नव्हे. भक्ती त्यांनी पत्करली. अस्पृश्यता त्यांच्यावर लादली गेली.

पाचारणास आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या वाङ्मयाने ख्रिस्ती ग्रंथांपेक्षाही अधिक तीव्रतेने दाखविली आहे. एकाची हाक दुसऱ्याच्या संसारावर आदळते. विठ्ठलपंत पत्नीस सोडून काशीस गेले व संन्यास घेतला. गुरूंना आळंदीत रुक्मिणी भेटली, खरे कळले, आणि त्यांनी शिष्यास परत गृहस्थाश्रमात पाठविले. त्या आज्ञेची किंमत निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताई ह्या चार लेकरांनी बहिष्काराच्या रूपाने मोजली. समाजाने संन्याशाची पोरे म्हणून त्यांस झिडकारले; गुरूंनी मात्र पत्नीचा हक्क संन्यासाहून वरचा मानला होता. विवाहबंधन कायम असेतो कोणाही पतीस वा पत्नीस व्रतस्थ संघात घेता येत नाही, असे कॅथॉलिक संहितेतही कलम आहे. काशीचा तो गुरू आणि रोमचा विधिज्ञ ह्यांचे ह्या एका मुद्द्यावर मतैक्य व्हावे, ह्याचा आम्हांस संतोष वाटतो.

ह्याच बाजूचे दुसरे उदाहरण प्रॉटेस्टंट घराण्यातील आहे, तरी येथे ते अपरिहार्य आहे. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची हाक खरी होती. पण तिच्यामुळे लक्ष्मीबाईंच्या वाट्यास काही वर्षांची ताटातूट आली. पुढे १९०० साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला. 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून १९३७ पर्यंत चार भागांत बाहेर पडले. त्याचे मोठेपण आमच्या दृष्टीने असे की, त्यात लक्ष्मीबाई नवऱ्यामागून फरफटत गेलेल्या दिसत नाहीत. सोवळ्याओवळ्याचा त्यांचा आग्रह टिळकांच्या उपदेशाने सुटला नाही. जातिभेद हा माणसांनी केलेला आहे, हे त्यांचे त्यांना उमगले, तेव्हा तो सुटला. एका घरात दोन पाचारणे झाली, आणि दुसरे पहिल्याची सावली नव्हते. पाचारणाचे शास्त्र सांगणाऱ्या कित्येक ग्रंथांपेक्षा हे पुस्तक त्या विषयावर अधिक प्रकाश पाडते, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

ख्रिस्तसभेने आपलेच सूत्र आपल्याच घरात किती पाळले, हेही विचारले पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या काव्यात एक इंग्रज माणूस मराठीस आपली करतो आणि स्वर्गास 'वैकुंठ' म्हणतो. एतद्देशीयांच्या भाषेला ह्याहून मोठे पाचारण कोणते? रोमन लिपीत छापलेले हे काव्य देवनागरीत मराठी वाचकांच्या हाती आले ते मात्र १९५६ साली, शांताराम बंडेलू ह्यांच्या आवृत्तीने. पण ज्या गोव्यात भाषेचा एवढा सन्मान झाला, तेथेच भाषिकांचा झाला नाही. दिवाडी बेटातील मातेउश द कास्त्रु ह्या तरुणास गोव्यात धर्मगुरुपद मिळेना, तेव्हा त्याला रोम गाठावे लागले. तेथे तो धर्मगुरू झाला आणि १६३७ साली बिशपही झाला. युरोपीय संघांची दारे एतद्देशीयांस दीर्घकाळ बंद होती. म्हणून जुझे वाझ ह्यांनी जुन्या गोव्यातील एतद्देशीय धर्मगुरूंच्या ऑरेटरीत आपली साधना केली व पुढे सिलोनात कार्य केले. त्यांना संतपद मिळाले ते १४ जानेवारी २०१५ रोजी. ईश्वराचे पाचारण सार्वत्रिक, पण दारावरचा द्वारपाल गोरा, अशी ही स्थिती होती. ज्यांनी ती सोसली त्यांनी तिला ईश्वरेच्छा मानले नाही. एकाने रोम गाठले, दुसऱ्याने स्वतःची वाट पाडली. ह्यास आम्ही पाचारणाची खरी समज म्हणतो.

आपल्याच काळात ही समज फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या ठायी दिसली. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी दिलेला लढा, साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणारे 'सुबोध बायबल', आणि २०२० साली उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, ही सर्व कामे त्यांनी एकाच पाचारणाची अंगे मानली. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. तेही अर्थात् धर्मगुरूच. प्रपंची कॅथॉलिक मराठी माणसाचे, बावखलाच्या पाण्यावर वाडी शिंपणाऱ्याचे किंवा कोळीवाड्यात जाळी विणणाऱ्याचे, अंतरंग त्याच्याच दृष्टीने रेखाटणारे पुस्तक, 'स्मृतिचित्रां'च्या तोडीचे, अद्याप यावयाचे आहे. ज्या दिवशी ते येईल त्या दिवशी १९६४ च्या सिद्धान्तास मराठीत खरे भाष्य मिळेल.

आता एवढेच सांगून हे लेखन पुरे करतो. आपल्या सुशिक्षित घरांत मुलाने वैद्य व्हावे की यंत्रशास्त्रज्ञ, मुलीने कोणाचे घर पाहावे, हे बहुधा वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ठरते आणि नंतर त्यासच नशीब, संस्कार किंवा कर्तव्य अशी नावे दिली जातात. त्यात प्रेम असते, अनुभव असतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्याचे आयुष्य त्याला प्रश्न विचारण्यास आणि नाही म्हणण्यास अवसर दिला होता काय, एवढी विचारणा बैठक उठण्यापूर्वी व्हावी. कॅथॉलिक शास्त्राकडून घेण्याजोगी गोष्ट हीच आहे. ती घेण्यासाठी धर्म बदलावा लागत नाही. कारण काशीच्या एका गुरूने ती आपल्याला केव्हाच शिकविली होती.